कुमुदचा तांब्या

ताई,

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. वय, नोकरी, अंत्यसंस्कार कुठे झाले, मागे कोण आहे, हे सगळं त्यात आलं. बातमी लहान झाली. जागा तेवढीच होती, आणि स्वतःच्या बहिणीसाठी मी जागा वाढवून मागणार नव्हतो. ‘अनेक वर्षे ग्रंथालयात नोकरी केली’ या एका वाक्यात तुझं सगळं काउंटर बसवायचं होतं. ते बसलं नाही. म्हणून आता हे लिहितो आहे.

भेटायला येणारे म्हणतात, सुटल्या बिचाऱ्या. आजाराच्या बाबतीत ते खरं आहे. शेवटचे महिने सोपे नव्हते, आणि ते संपले याचं मलाही बरं वाटलं. पण तू खरी सुटलीस ती त्याच्या आधी, रुग्णालयात, एका दुपारी. तेव्हा मी हजर होतो. दुसरी साक्षीदार म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून, सटाण्याकडची. तेव्हा बाकी कोणाला हे कळलं नाही.

सुरुवात त्या कादंबरीपासून करायला हवी. तिचं नाव तू कधी घेत नव्हतीस. ‘ते पुस्तक’ म्हटलं की पुरत असे. नवरा बायकोला आठ दिवसांसाठी माहेरी पाठवतो आणि न्यायला कोणी येतच नाही, एवढीच गोष्ट. त्या बायकोचं नाव कुमुद. आपल्या भागात ते पुस्तक न वाचलेलं घर शोधावं लागलं असतं. अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या घरी ते होतं, शिक्षकांच्या घरी होतं, डॉक्टरांकडे थांबलेल्या पेशंटच्या हातात होतं. मुलींची नावं कुमुद ठेवली जात होती. एखादीची मुलगी माहेरी येऊन बसली की ‘तिची कुमुद झाली’ असं म्हणत, आणि ऐकणाऱ्याला पुढचं विचारावं लागत नसे.

तुझीही कुमुद झाली होती. आठ दिवसांसाठी तू सटाण्याहून नाशिकला आलीस आणि न्यायला कोणी आलं नाही. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती, कागद नव्हता. नुसतं कोणी आलं नाही. आई रोज दुपारी एसटीच्या वेळेला दार उघडून बसायची. वर्षभरानं तिनं ते सोडलं, आणि तू ग्रंथालयात लागलीस.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर ते ग्रंथालय होतं. ज्या पुस्तकासाठी वाचक थांबलेले आहेत ते कर्मचाऱ्यानं घरी न्यायचं नाही, असा तिथे नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, आणि न लिहिलेले नियम तू लिहिलेल्यांपेक्षा कडक पाळायचीस. त्या पुस्तकासाठी वाचक कायम थांबलेले असायचे. परत आलेली प्रत फळीवर चढतच नसे. तुझ्या टेबलावरून ती थेट पुढच्या हातात जायची. परिणाम असा झाला की, सगळ्या शहराला ते पुस्तक देणारी तू, ते वाचलेलं नसलेली त्या इमारतीतली एकटीच होतीस. खालचा गिरणीवालासुद्धा वाचून बसला होता.

पण परत करायला येणाऱ्या बायका नुसतं पुस्तक ठेवून जात नव्हत्या. उभ्या उभ्या गोष्ट सांगून जायच्या. सुट्टीत घरी आलो की मी तिथे तुझ्यासाठी थांबायचो. ऐकलेलं लिहितो.

“ताई, सासरा चोरून भेटायला येतो ना, पेरू घेऊन, तिथे मला आवरलंच नाही.”

“पेरू नाहीत, सीताफळं. कालच्या बाई म्हणाल्या.”

“अगंबाई, हो! सीताफळं. तुम्हाला बरं पाठ आहे!”

“इथे बसून दुसरं काय करते मी? पुढे सांगा. दीर येतो का परत?”

“येतो की. मेला.”

“मरतो?”

“नाही हो, मेला म्हणजे, तसला आहे तो.”

अशा रीतीनं तुला ते पुस्तक तोंडपाठ झालं. पुढे मागणी ओसरली, प्रती फळीवर दिसू लागल्या, तेव्हा तू ते सहज घरी आणू शकली असतीस. आणलं नाहीस. आता काय वाचायचं, सगळं माहीत आहे, असं म्हणायचीस. माझा अंदाज असा की तोवर कबूल करणं अवघड झालं होतं. वाचक मेळाव्यात त्या पुस्तकावर बोलायला त्यांनी तुला उभं केलं, तेव्हा मी तुला बजावलं होतं, न वाचलेल्या पुस्तकावर बोलू नये.

“तू न गेलेल्या गावाच्या बातम्या छापतोस ना?” तू म्हणालीस.

“माझा वार्ताहर तिथे गेलेला असतो.”

“माझ्या बायकापण गेलेल्या असतात.”

हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. तू बोललीस, आणि टाळ्या घेतल्यास. जास्त टाळ्या पडल्या त्या पाण्याच्या प्रसंगाला. बऱ्याच वर्षांनी कुमुदचा नवरा दारात येतो. ती त्याला ये म्हणत नाही आणि जाही म्हणत नाही. आत जाते, तांब्याभर पाणी आणते. तो पितो. ती म्हणते, “पाणी झालं. आता निघा.” रिकामा तांब्या घेते, ओट्यावर उपडा ठेवते आणि दार लावते. तू हे सांगत होतीस तेव्हा सभागृहातल्या बायका मान हलवत होत्या. तुझ्यानंतर एक प्राध्यापक बोलले. उपडा तांब्या म्हणजे आटलेलं नातं, मराठी कादंबरीतलं एक समर्थ प्रतीक, असं त्यांनी सांगितलं. तू गंभीरपणे ऐकलंस. बाहेर आल्यावर म्हणालीस, “बघ, प्राध्यापकसुद्धा माझ्याच बाजूनं.”

त्या प्रसंगावर तुझं किती उभं होतं ते मला ठाऊक होतं. मेळाव्याच्या कितीतरी आधी दाजी सटाण्याहून आले होते. मी तेव्हा शिकाऊ म्हणून पुण्याच्या एका वृत्तपत्रात होतो. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, करायला माणूस हवं होतं, म्हणून ते तुला न्यायला आले. आपली आई आत होती. तिला तू जावंस असं वाटत होतं. तू त्यांना पाणी दिलंस आणि निघा म्हणालीस. ते परत आले नाहीत. हे तू मला कितीदा सांगितलंस, आणि दर वेळी शेवट एकच असे.

“माझी हिंमत नव्हती रे, दिनू. आईनं बॅग भरून ठेवली होती. पण कुमुदनं केलं होतं ना, म्हणून जमलं. तिचं बघून केलं मी.”

पुढे तू या वाक्यात अडकत गेलीस. उतारवयात तुला शंका येऊ लागली. म्हातारी सासू अंथरुणावर होती, आणि आपण एका पुस्तकातल्या बाईचं ऐकून माणसाला दारातून घालवलं, हे बरोबर होतं का? स्वतःच्या डोक्यानं ठरवलं असतं तर वेगळं ठरवलं असतं का? दाजी गेल्याचं कळलं तेव्हा तू जेवली नाहीस. मला विचारलंस, “दुसऱ्याच्या गोष्टीवर मी माझं आयुष्य काढलं का रे?” माझ्याकडे त्याची माहिती नव्हती.

रुग्णालयात तूच म्हणालीस, “आता वेळ आहे. वाच ते पुस्तक मला.” माझं काम संध्याकाळनंतरचं, दुपारी मी मोकळा. ग्रंथालयातली जुनी प्रत आणली. आता तिच्यासाठी कोणी थांबलेलं नव्हतं, तरी तू आधी ते विचारून घेतलंस.

तुझ्याइतकी अडवणारी श्रोती मी पाहिली नाही.

“डाळिंबं? कसली डाळिंबं?”

“सासरा डाळिंबं घेऊन येतो. इथे लिहिलंय.”

“सीताफळं आणतो तो.”

“डाळिंबं आहे, ताई.”

“छापायची चूक असेल. तुमच्याकडे होतातच.”

शेजारची सटाण्याची सून सासूचे पाय चेपता चेपता ऐकायची. दोन-तीन दुपारींनी तिनं पदर सावरत विचारलं, “भाऊ, ते पानीनं आजून उनं नई का?” पाण्याचा प्रसंग अजून आला नाही का, असं ती विचारत होती. तू खूश झालीस. “बघ, सगळ्यांना तेच हवंय,” म्हणालीस.

मजकूर पुढे जाण्याआधी एकदा वाचून घ्यायचा, ही माझी सवय. म्हणून शेवटचं प्रकरण मी घरी आधी वाचलं. त्यात पाण्याचा प्रसंग नव्हता.

कुमुदला निरोप येतो की नवरा येणार आहे. ती अंगण झाडते, ओट्यावर बसते, ऊन उतरतं. शेवटचं वाक्य आहे, ‘फाटकाची कडी वाजली.’ तिथे पुस्तक संपतं. तो आला की दुसरं कोणी, ती उठली की नाही, काही नाही.

मी पुन्हा वाचलं. मग मागे गेलो. प्रसंग आधी कुठे असेल असं वाटलं. नव्हता. प्रत अपुरी असेल म्हणून पानं तपासली, पुरी होती. दुसरी आवृत्ती मिळवली, तिच्यातही तेच. आणि मी ती कादंबरी कॉलेजात असताना वाचली होती. तो प्रसंग मला आठवत होता. नुसता आठवत नव्हता, डाव्या पानावर वरच्या बाजूला होता, हेही आठवत होतं. ऑफिसात मी सहकाऱ्यांना विचारलं. ज्यांनी ज्यांनी पुस्तक वाचलं होतं त्या सगळ्यांना तांब्या आठवत होता. पान कोणालाच दाखवता आलं नाही.

आता प्रश्न तुझा होता. जिचं बघून तू केलंस तिनं ते केलंच नव्हतं. हे तुला त्या खाटेवर कळू द्यावं का, याचा मी एक दिवस विचार केला आणि ठरवलं, नको. फाटकाची कडी वाजली की न थांबता प्रसंग सांगून टाकायचा, पुस्तकात असल्यासारखा. दुसऱ्याच्या मजकुरात न घडलेलं घालायचं नाही, यावर मी नोकरी केली. त्या दुपारी घालणार होतो. वाक्यं तयार केली, लेखकाच्या वळणाची. ती चांगली झाली होती, असं माझं मत आहे.

त्या दुपारी शेजारची सून स्टूल ओढून जवळ बसली. मी वाचत गेलो. अंगण, ओटा, ऊन. फाटकाची कडी वाजली. मी पुढे गेलो. नवरा आला, कुमुद उठली, आत गेली, पाणी आणलं. तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं, जमलं.

“दिनू,” तू डोळे न उघडता म्हणालीस, “पान उलटलं नाहीस.”

मी थांबलो.

“केव्हापासून वाचतोयस. एवढ्यात दोन पानं व्हायला हवीत. पानाचा आवाज मला कळतो रे. आयुष्य गेलंय त्यात.” मग डोळे उघडलेस. “नाहीये ना त्यात?”

“नाही.”

“अजिबात?”

“कडी वाजते आणि पुस्तक संपतं.”

शेजारची सून उभीच राहिली. आहे, आपण स्वतः वाचलं आहे, असं सांगू लागली. “शे ना! पुस्तकमा शे ते. मी वाचेल शे. ती तांब्या पालथा ठेवस!”

तू तिच्याकडे वळलीस. इतक्या वर्षांनी तुझ्या तोंडून सटाण्याची बोली ऐकली. “नई शे, माय,” तू म्हणालीस. “नई शे.”

मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मला भीती होती ती गोष्ट झाली नाही. तू हसायला लागलीस. आवाज न होता, पोट धरून, सलाईनची नळी हलेपर्यंत. सून घाबरून नर्सला बोलवायला निघाली, तिला तू हातानं थांबवलंस.

“म्हणजे ते मी केलं,” तू म्हणालीस. “अरे, म्हणजे ते मीच केलं. मला कोणी शिकवलं नव्हतं.”

“हो.”

“आणि मी एवढी वर्षं तिला श्रेय देत बसले. आयतं!”

मग सासूबद्दल काही बोलशील असं मला वाटलं. बोललीस ते एवढंच, “माझंच होतं ना, मग ठीक आहे. माझं असलं की चुकलेलंसुद्धा चालतं.” त्या दिवशी तू ताटातला भात संपवलास. सुनेला म्हणालीस, सासूचं नीट कर, पण स्वतः वेळेवर जेवत जा.

इथपर्यंत तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तू जो प्रश्न विचारलास तो अर्धा राहिला. हे पुस्तकात नव्हतं, तर काउंटरवर पहिल्यांदा कोणी सांगितलं? तू म्हणालीस, दाजी यायच्या आधी तू ते कोणाकडून तरी ऐकलेलं होतंस, नक्की. मी म्हणालो, नंतर ऐकलं असशील. “आधी ऐकलं होतं,” तू म्हणालीस, “मला आठवतंय.” मी म्हटलं, मला तर डावं पान आठवतंय. तू चिडलीस. पुस्तकात नसलं म्हणून काय झालं, बायकांकडून ऐकून केलं असेल तर परत ते उसनंच झालं ना, असं म्हणालीस. आनंदात तेवढा खडा राहिला. “तू बातमीदार ना? लाव छडा,” असं सांगून कूस बदललीस. छडा लागायच्या आत तू घरी आलीस, आणि घरी येऊन चार दिवसांत गेलीस, झोपेत.

छडा लागला आहे. तो सांगायला हा लेख.

परवा तुझं घर आवरायला गेलो. समोरच्या पगारे बाई मदतीला आल्या. तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो, बाई निवृत्त शिक्षिका आहेत, तुझ्या ग्रंथालयाच्या जुन्या सभासद, आणि पहिल्यापासून आपल्या समोरच राहत आल्या आहेत. स्वयंपाकघरातली भांडी त्या पुसून देत होत्या, मी मांडत होतो. तांब्या हातात आला, तो फळीवर ठेवला. तो कलंडून खाली पडला. उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा पडला.

“तो तसा राहत नाही हो,” बाई म्हणाल्या. “बूड चेपलंय त्याचं. तुमच्या आई असल्यापासून. तो उपडा ठेवायचा.”

मी तांब्या हातात घेऊन उभा राहिलो. मी त्या घरात वाढलो, ताई. त्याच तांब्यानं पाणी प्यायलो. तो उपडाच ठेवला जातो आणि का ठेवला जातो, हे मला आठवत नव्हतं. तुलाही आठवलं नाही. आपल्याच घरात रोज होणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसत नाहीत. बाहेरच्याला दिसतात.

“बाई,” मी विचारलं, “दाजी आले होते त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?”

“समोरच. ओट्यावर कपडे वाळत घालत होते. सगळं बघितलं. ताईंनी पाणी दिलं, निघा म्हणाल्या, तांब्या उपडा ठेवला, दार लावलं. माझ्या हातातलं धोतर तसंच राहिलं हो.”

“मग तुम्ही कोणाला सांगितलंत?”

बाई जरा अवघडल्या. “सांगितलं असेल दोघी-चौघींना. शाळेत, पुस्तक बदलायला गेले तेव्हा जिन्यात. एवढं बघितल्यावर पोटात राहतं का? पण नाव नाही घेतलं हं ताईंचं. तेवढं कळत होतं. लोकांनी त्यांना काही बोलू नये म्हणून मी म्हणायची, ‘आपल्या कुमुदनं काय केलं माहितेय का?’”

आपल्या कुमुदनं. ऐकणाऱ्या प्रत्येकीच्या घरी त्या वेळी एकच कुमुद होती, पुस्तकातली, कडी वाजल्यावर जिचं पुढे काय झालं हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना ते फाटक तसं सोडून झोप लागत नव्हती, आणि बाईंनी पुढचं आणून दिलं. त्यांनी ते पुस्तकात बसवलं. काही दिवसांनी पुस्तक परत करताना एकीनं ते तुला सांगितलं, मग दुसरीनं, आणि तू, तो तांब्या स्वतःच्या हातानं ठेवून आलेली, ‘हो का, पुढे?’ म्हणत ऐकत राहिलीस. तिथून तो मेळाव्यात गेला, प्राध्यापकांकडे गेला, सटाण्याला गेला, माझ्या डाव्या पानावर आला.

म्हणजे तू कोणाचं ऐकून केलं नाहीस. पुस्तकाचं नाही, बायकांचंही नाही. आईनं बॅग भरून ठेवलेल्या घरात, समोर कोणाचंही उदाहरण नसताना, तू ते केलंस. बाकीच्यांनी तुझं घेतलं. मेळाव्यात मान हलवणाऱ्या बायका तुलाच दाद देत होत्या, आणि ते ना त्यांना ठाऊक होतं, ना तुला. प्रतीकाबद्दल प्राध्यापकांना मी काही कळवणार नाही. आपल्या तांब्याचं बूड चेपलेलं होतं, एवढंच त्याचं कारण आहे.

पगारे बाईंना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या. “अहो, मी पण पुस्तकात वाचलंय ते,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः वाचलंय.”

सुटल्या बिचाऱ्या, असं लोक म्हणतात तेव्हा मी आता मान हलवतो. त्यांना वाटतं मी आजाराबद्दल होकार देतो आहे.

तांब्या मी घरी आणला आहे. तुझा शेवटचा खडा काढायला मला चार-पाच दिवसांचा उशीर झाला, पण बातमी पक्की आहे. दोन सूत्रं आहेत, एकमेकांशी न बोललेली. एक पगारे बाई. दुसरं माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे, उपडं.